विज्ञान आणि विञ्ञाण : दादरच्या वैचारिक वारशाचा एक मागोवा

दिनांक ३१ मे १९३६ रोजी मुंबईत दादर-नायगाव येथे भरलेल्या मुंबई इलाखा महार परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेले भाषण ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने सर्वपरिचित आहे. धर्मांतर का करावयाचे याची सामाजिक आणि तात्त्विक मीमांसा त्यांनी त्या भाषणात केली आणि समारोपात तथागतांनी आनंदाला केलेल्या अखेरच्या उपदेशाचे स्मरण श्रोत्यांना करून दिले. परक्या आधाराचा आश्रय न घेता माणसाने स्वतःच्या प्रकाशाने चालावे, हा त्या उपदेशाचा आशय होय. त्या वेळी धर्मांतराची दिशा जाहीर झालेली नव्हती आणि नागपूरची दीक्षाभूमी अजून वीस वर्षे दूर होती. परंतु नवा धर्म बुद्धीच्या कसोटीला उतरणारा असला पाहिजे, ही अट दादरच्या त्या सभेतच सूचित झाली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

या घटनेचे स्मरण करण्याचे कारण असे की, धम्म आणि विज्ञान यांच्या नात्याविषयी अलीकडे एक वेगळाच सूर ऐकू येतो. पुंजभौतिकीने, म्हणजे क्वांटम फिजिक्सने, जड पदार्थ ही कल्पनाच मोडीत काढली; विश्वाच्या मुळाशी चैतन्य आहे हे आता प्रयोगशाळेत सिद्ध झाले; म्हणून विज्ञान आणि अध्यात्म यांचा झगडा संपला, असे अनेक व्याख्यानांतून व पुस्तिकांतून सांगितले जाते. आपल्यापैकी काही अभ्यासकही या विधानाने हर्षित होतात आणि ‘पाहा, विज्ञानाने धम्म सिद्ध केला’ असा निष्कर्ष काढतात. हा निष्कर्ष इतिहासाला व धम्माला कितपत धरून आहे, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दसाम्याचा घोटाळा

प्रारंभी एका शब्दाविषयी खुलासा करणे आवश्यक आहे. आजच्या मराठीत ‘विज्ञान’ म्हणजे निरीक्षण, प्रयोग आणि तर्क यांवर उभे असलेले शास्त्र. पालि वाङ्मयातील ‘विञ्ञाण’ या शब्दाचे संस्कृत रूपही ‘विज्ञान’ असेच होते. मात्र तेथे त्याचा अर्थ जाणीव किंवा चित्ताची जाणण्याची क्रिया असा आहे. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांतील विज्ञान ते हेच. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमुळे मराठी वाचकाचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. बुद्धाने विज्ञानाचे विवेचन केले हे वाक्य दोन्ही अर्थांनी खरे ठरू शकते; परंतु एका अर्थावरून दुसऱ्या अर्थावर नकळत उडी मारणे ही वैचारिक चूक होय. म्हणून या लेखात शास्त्रासाठी ‘विज्ञान’ आणि जाणिवेसाठी ‘विञ्ञाण’ असे दोन शब्द कटाक्षाने वापरले आहेत.

एका रसायनशास्त्रज्ञाचा ग्रंथ

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांचे कुटुंब परळच्या चाळीत राहत होते. त्या प्रसंगी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले, ही हकिगत सर्वज्ञात आहे. योगायोगाची गोष्ट अशी की, त्याच १९०७ साली मद्रासमध्ये पी. लक्ष्मी नरसू यांचा ‘दि इसेन्स ऑफ बुद्धिझम’ हा ग्रंथ प्रथम प्रसिद्ध झाला. नरसू हे पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र शिकविणारे प्राध्यापक होते. पंडित अयोतीदास यांनी मद्रासमध्ये उभ्या केलेल्या शाक्य बौद्ध चळवळीशी त्यांचा निकटचा संबंध होता. जातिभेदाला त्यांचा कडवा विरोध होता, आणि बौद्ध मताची मांडणी त्यांनी चमत्कार व दंतकथा बाजूला सारून विवेकाच्या आधारे केली.

चार दशकांनंतर, १९४८ साली, या ग्रंथाची तिसरी आवृत्ती मुंबईच्या थॅकर आणि कंपनीने प्रसिद्ध केली. तिला प्रस्तावना लिहिली ती बाबासाहेबांनी. हिंदू सनातनी वृत्ती, युरोपियनांचा अहंकार आणि आक्रमक मिशनरी प्रचार या सर्वांशी बुद्धिवादाच्या बळावर झुंज देणारा पुरुष म्हणून त्यांनी नरसूंचा गौरव केला, आणि बौद्ध धर्माविषयी तोपर्यंत लिहिल्या गेलेल्या ग्रंथांत या ग्रंथाला मानाचे स्थान दिले.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब ही की, नरसू स्वतः विज्ञानाचे अध्यापक असूनही त्यांनी एखाद्या विशिष्ट वैज्ञानिक सिद्धांताच्या पायावर धम्माची इमारत उभारली नाही. त्यांनी विज्ञानाकडून घेतली ती पद्धती. कार्यकारणभाव, पुराव्याचा आग्रह आणि अधिकारवचनाला नकार या त्रयीत त्यांना बुद्ध आणि विज्ञान यांचे खरे साम्य दिसले. अंगुत्तर निकायातील केसपुत्तच्या कालामांना केलेला उपदेश हा या साम्याचा मूलाधार होय. ऐकीव म्हणून, परंपरागत म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नये, हे तेथे स्पष्टपणे सांगितले आहे.

बाबासाहेबांनी हाच धागा पुढे नेला. १९५० साली कलकत्त्याच्या महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात ‘बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य’ या विषयावर त्यांचा लेख आला. आधुनिक समाजात टिकावयाचे असेल तर धर्म बुद्धीशी सुसंगत असला पाहिजे, आणि बुद्धीचेच दुसरे नाव विज्ञान, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. याच लेखात त्यांनी धर्माने स्वातंत्र्य, समता व बंधुता यांना मान्यता द्यावी आणि दारिद्र्याचे उदात्तीकरण करू नये, याही अटी घातल्या. विज्ञानाची अट आणि समतेची अट त्यांनी एकाच यादीत ठेवली, हे विसरता येणार नाही.

‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मधील विवेचन

दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी ‘राजगृह’ बांधले आणि त्याला मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव दिले. या वास्तूत जमलेल्या ग्रंथसंग्रहाने आणि पुढे दिल्लीतील अखेरच्या वर्षांच्या परिश्रमाने जो ग्रंथ सिद्ध झाला, तो म्हणजे ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’. तो छापून झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि १९५७ साली सिद्धार्थ महाविद्यालयाच्या वतीने हा ग्रंथ प्रकाशित झाला.

या ग्रंथात पदार्थविज्ञान आणि विञ्ञाण यांची सांगड घालणारी दोन स्थळे आहेत. पहिल्या स्थळी आत्म्याचे अस्तित्व नाकारताना जाणीव कोठून येते हा प्रश्न बाबासाहेबांनी विचारात घेतला आहे. विद्युत्क्षेत्राबरोबर जसे चुंबकीय क्षेत्र प्रेरित होते, तसे शरीराबरोबर विञ्ञाण उत्पन्न होते असे का म्हणू नये, असा त्यांचा युक्तिवाद आहे. दुसऱ्या स्थळी बुद्ध उच्छेदवादी होता काय, याचा विचार करताना त्यांनी ऊर्जेच्या अविनाशित्वाचा नियम पुढे केला आहे. देह नष्ट झाला तरी पृथ्वी, आप, तेज, वायू ही महाभूते आणि त्यांतील ऊर्जा शून्यात जात नाहीत. ती विश्वातील तशाच द्रव्यात मिसळतात. म्हणून भौतिक अर्थाने पुनर्भव आहे. परंतु तीच व्यक्ती, तोच आत्मा पुन्हा जन्म घेतो असे मात्र नाही.

या युक्तिवादांकडे आज कोणत्या दृष्टीने पाहावे? मॅक्सवेलने एकोणिसाव्या शतकातच दाखविल्याप्रमाणे वाहता विद्युत्प्रवाह आणि बदलते विद्युत्क्षेत्र यांच्यामुळे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. स्थिर विद्युत्भाराच्या क्षेत्रासोबत ते असतेच असे नाही. त्याचप्रमाणे ऊर्जेचा नियम हा ऊर्जेच्या परिमाणाविषयी आहे. मेणबत्ती विझल्यावर तिची ऊर्जा उष्णता व प्रकाश होऊन पसरलेली असते; ज्योत मात्र कोठेही शिल्लक उरत नाही. तेव्हा पहिला दृष्टांत शब्दशः घेता येत नाही, आणि ऊर्जेच्या नियमावरून जाणीव अमर आहे असेही सिद्ध होत नाही. बाबासाहेबांनी तसे सिद्ध केल्याचा दावाही केलेला नाही. चुंबकाचा दृष्टांत त्यांनी प्रश्नाच्या रूपाने मांडला आहे, आणि ऊर्जेचा नियम आत्म्याच्या बचावासाठी वापरलेला नसून आत्मा वजा करून उरलेल्या जगाच्या वर्णनासाठी वापरला आहे.

दृष्टांत हा त्या त्या काळाचा असतो. त्याला सिद्धांताचे स्थान देऊन त्याची पूजा करणे म्हणजे कालामांना केलेल्या उपदेशाचा विसर पडणे होय. मूळ सिद्धांत एवढाच की, विञ्ञाण कारणांवर अवलंबून आहे. कारणे जुळली म्हणजे ते उत्पन्न होते आणि कारणे संपली म्हणजे निरुद्ध होते. चुंबकीय क्षेत्र कोणत्या कारणांनी निर्माण होते हे आज नेमके सांगता येते, यामुळे हा सिद्धांत दुबळा होत नाही, उलट त्याला पुष्टीच मिळते.

पुंजभौतिकीचा इतिहास काय सांगतो?

आता पुंजभौतिकीकडे वळू. अणूच्या जगात न्यूटनचे नियम अपुरे पडतात हे विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत स्पष्ट झाले. १९२५ ते १९२७ या काळात हायझेनबर्ग, श्रोडिंगर, बोर आदींनी नवी मांडणी केली. इलेक्ट्रॉन एकेक करून दोन फटींतून सोडले तरी पडद्यावर लाटांसारखे पट्टे उमटतात. परंतु तो कोणत्या फटीतून गेला हे टिपणारे उपकरण बसविले की ते पट्टे नाहीसे होतात. या प्रयोगातील ‘निरीक्षण’ या शब्दानेच पुढचा सारा गैरसमज निर्माण केला. १९३२ साली फॉन नॉयमन यांनी मापनाचे गणित मांडताना निरीक्षक आणि निरीक्ष्य यांच्यातील सीमारेषा कोठेही आखता येते असे दाखविले. १९६१ साली विग्नर यांनी ती रेषा थेट मनापर्यंत नेली आणि निरीक्षकाच्या जाणिवेला भौतिकीत विशेष स्थान असावे असे सुचविले. १९७५ साली फ्रिट्जॉफ काप्रा यांच्या ‘दि ताओ ऑफ फिजिक्स’ या ग्रंथाने हा विचार सामान्य वाचकांपर्यंत पोहोचविला.

परंतु इतिहास येथे थांबत नाही. १९७० साली झेह या जर्मन शास्त्रज्ञाने असे दाखविले की, भोवतालच्या असंख्य कणांशी येणारा संबंध हाच पुंजस्वरूप पुसून टाकण्यास पुरेसा असतो; त्यासाठी कोणी पाहणारा लागत नाही. खुद्द विग्नर यांनी पुढे आपले जुने मत सोडून दिले. व्हिएन्नामध्ये कार्बनच्या मोठ्या रेणूंवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत रेणू तापविल्यावर त्यांतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेच्या किरणांनीच ते पट्टे पुसले गेले. तेथे मापन झाले ते उष्णतेकडून. पुंजभौतिकीचा अर्थ कसा लावावा याविषयी शास्त्रज्ञांत आजही एकमत नाही, हे मान्यच करावयास हवे. परंतु मतभेद असणे वेगळे आणि चैतन्य सिद्ध झाले असे म्हणणे वेगळे. दूर गेलेल्या दोन कणांमधील संबंध दाखविणाऱ्या प्रयोगांसाठी २०२२ साली आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यावरून ‘सर्व काही जोडलेले आहे, हाच प्रतीत्यसमुत्पाद’ असे म्हणणेही उतावीळपणाचे होईल. कारण प्रतीत्यसमुत्पादाचा विषय दुःखाची उत्पत्ती आणि त्याचा निरोध हा आहे.

या इतिहासातील एक प्रसंग बौद्ध वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावा. १९३७ साली इटलीतील बोलोन्या येथील भाषणात नील्स बोर यांनी अणुविज्ञानाने उभ्या केलेल्या ज्ञानविषयक प्रश्नांना समांतर प्रश्न बुद्ध व लाओत्से यांच्यापुढेही उभे होते, असा उल्लेख केला. जगाच्या नाटकात माणूस एकाच वेळी प्रेक्षकही असतो आणि नटही, ही ती अडचण. हे वाक्य पुष्कळदा उद्धृत केले जाते. त्याच्या लगतच बोर यांनी एक इशाराही दिला होता, तो मात्र क्वचितच सांगितला जातो. हे साम्य केवळ तार्किक स्वरूपाचे आहे, आणि विज्ञानाच्या वृत्तीला परक्या असलेल्या गूढवादाचा स्वीकार त्यातून अभिप्रेत नाही, असे त्यांनी बजावले होते. अर्धे वाक्य सांगून अर्धे गाळणे हे सत्यशोधकाचे लक्षण नव्हे.

मागील दाराने येणारा आत्मा

श्रोडिंगर यांनी १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हॉट इज लाइफ?’ या पुस्तकाच्या अखेरीस उपनिषदांचा आधार घेऊन जाणीव ही अनेक नसून एकच आहे, असे मत मांडले. ते त्यांचे तत्त्वज्ञान होते. त्यांच्या समीकरणांतून ते निघत नव्हते. भारतात पुंजभौतिकी आणि चैतन्य यांची जी सांगड घातली जाते, ती बहुधा याच ठिकाणी येऊन पोहोचते. विश्वव्यापी, अविनाशी, एकमेव चैतन्य म्हणजे वेदान्तातील ब्रह्मच. ‘विज्ञानाने धम्म सिद्ध केला’ म्हणून आनंदित होणाऱ्या आपल्या बांधवाने क्षणभर थांबून विचार करावा : जे सिद्ध झाले असे सांगितले जाते, ते धम्माचे तत्त्व आहे की धम्माने नाकारलेले?

याचे उत्तर मज्झिम निकायातील महातण्हासंखय सुत्तात दिले आहे. साती नावाचा एक भिक्खू होता. तेच एक विञ्ञाण, न बदलता, या जन्मातून त्या जन्मात फिरते, अशी बुद्धाची शिकवण असल्याचे तो सांगू लागला. सहकारी भिक्खूंनी समजाविले, तरी तो ऐकेना. प्रकरण तथागतांपर्यंत गेले. त्यांनी सातीला कठोर शब्दांत फटकारले आणि कारणांवाचून विञ्ञाणाची उत्पत्ती होत नाही, हे आपण अनेक प्रकारे सांगितले असल्याचे स्पष्ट केले. लाकडावर पेटलेला अग्नी लाकडाचा, गवतावर पेटलेला गवताचा. तसे डोळा व रूप यांवरून उत्पन्न होते ते चक्षुविञ्ञाण, कान व शब्द यांवरून उत्पन्न होते ते श्रोत्रविञ्ञाण. इंधनावाचून धगधगणारा अग्नी नाही, तसे कारणांवाचून तरंगणारे चैतन्यही नाही. आजचा ‘क्वांटम चैतन्यवाद’ म्हणजे सातीचेच जुने मत नव्या पोशाखात पुढे आलेले आहे.

हा वाद केवळ पंडितांचा नाही. देहाहून वेगळा आत्मा असतो, तो पूर्वजन्मीच्या कर्मांचे गाठोडे घेऊन नव्या देहात शिरतो, आणि म्हणून आजचे दैन्य व आजची अस्पृश्यता ही स्वतःच्याच कर्माची फळे आहेत, या तर्काने आपल्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसविले. बाबासाहेबांनी या तर्कावर विज्ञानाच्याच शस्त्राने घाव घातला. अपत्याचे गुणधर्म मातापित्यांकडून आनुवंशिकतेने येतात. मग पूर्वकर्मांचे गाठोडे वाहणाऱ्या आत्म्याला जागा उरते कोठे, हा त्यांचा प्रश्न होता. गरिबाच्या दुरवस्थेची जबाबदारी गरिबावरच ढकलून समाजाला मोकळे करणारा हा सिद्धांत बुद्धाचा असू शकत नाही, असे त्यांनी ठामपणे प्रतिपादन केले. ज्या आत्म्याला १९५६ साली आपण निरोप दिला, तोच पुंजभौतिकीचा अंगरखा घालून परत आला तर त्याला ओळखण्याची दृष्टी आपल्यापाशी असली पाहिजे.

मग विज्ञान आणि धम्म यांचा संबंध कोणता? दोहोंतही जे ठाऊक नाही त्याविषयी मौन पाळण्याचे धैर्य आहे, आणि जे ठाऊक आहे ते तपासासाठी खुले ठेवण्याची तयारी आहे. विझलेला अग्नी पूर्वेला गेला की पश्चिमेला, हा प्रश्नच लागू पडत नाही, असे तथागतांनी वच्छगोत्ताच्या लक्षात आणून दिले. १९५३ साली ओपेनहायमर यांनी इलेक्ट्रॉनच्या स्थितीविषयीच्या प्रश्नांना द्यावी लागणारी नकारार्थी उत्तरे समजावून सांगताना मरणोत्तर अवस्थेविषयी बुद्धाने दिलेल्या अशाच उत्तरांची आठवण करून दिली. चुकीचा प्रश्न ओळखणे हे या दोन्ही परंपरांचे समान बळ आहे. असे साम्य दाखविण्यास कोणतीही हरकत नाही. मात्र साम्य म्हणजे पुरावा नव्हे. भौतिकीचे सिद्धांत बदलत राहतील. आज एका सिद्धांताच्या आधारे धम्म सिद्ध झाला असे म्हणणाऱ्याला उद्या तो सिद्धांत बदलल्यावर धम्म असिद्ध झाला असेही म्हणावे लागेल. चार आर्यसत्यांची परीक्षा माणसाच्या दुःखात आणि त्या दुःखाच्या निवारणातच होऊ शकते.

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लक्षावधी लोक येतात आणि शिवाजी पार्कच्या परिसरात मांडलेली पुस्तके विकत घेऊन गावी परततात. खिशात मोजके पैसे असणारा माणूसही ग्रंथ घेतल्यावाचून जात नाही, हे दादरचे वैशिष्ट्य आहे. त्या पुस्तकांत विज्ञान आणि अध्यात्म यांचा मिलाफ घडविणारे एखादे पुस्तक हाती आले तर ते अवश्य वाचावे. वाचताना तीन प्रश्न मात्र विचारावेत. यात सांगितलेला प्रयोग प्रत्यक्षात काय दाखवितो? लेखकाने पुढे जोडलेला निष्कर्ष त्यातून निघतो काय? आणि त्या निष्कर्षाने माणसाचे दुःख कमी होते, की ज्याने ते दुःख लादले त्याची सोय होते? या तीन प्रश्नांनिशी जो वाचक पुस्तक उघडील, तोच १९३६ साली दादरच्या सभेत दिलेल्या त्या उपदेशाचा खरा वारसदार होय.